काचपेपर सर्वांत शेवटी

जुन्या रिव्हॉल्व्हरच्या मुठीवरचं लाकूड काळवंडलं, कडांचं पॉलिश उडालं, मधेच एखादा पांढुरका ओरखडा दिसू लागला, की मालकाचा हात आपसूक काचपेपरकडे जातो. अमेरिकेत हा घरगुती उद्योग जुना आहे आणि लोकप्रियही. तिथल्या संघराज्याच्या १९६८ च्या कायद्याच्या दृष्टीने बंदुकीचा सांगाडा म्हणजेच शस्त्र. मुठीवर स्क्रूने बसवलेल्या लाकडी पट्ट्यांना तो दर्जा नाही. त्यामुळे या पट्ट्या दुकानात, टपालाने, जुन्या बाजारात मोकळेपणाने विकल्या जातात आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यांची डागडुजी करणाऱ्यांना कुणाला विचारावं लागत नाही. आपल्याकडे परिस्थिती वेगळी आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यातल्या व्याख्येत शस्त्रांचे भागही येतात आणि दुरुस्तीच्या धंद्याला परवाना लागतो. तेव्हा इथल्या परवानाधारकाने पुढचं वाचून स्क्रूड्रायव्हर उचलण्याआधी परवानाधारक कारागिराला विचारलेलं बरं. लेखाचा रोख अमेरिकी टेबलाकडे आहे; त्यातलं रसायनशास्त्र मात्र घरातल्या कुठल्याही जुन्या अक्रोडी किंवा शिसवी वस्तूला लागू पडतं. आणि माझं म्हणणं थोडक्यात असं: जुन्या मुठीत झिजलेलं असतं ते बहुतेक वेळा पॉलिश, लाकूड नव्हे. काचपेपरला हा भेद कळत नाही. म्हणून तो कामाच्या सुरुवातीला नव्हे, अगदी शेवटी आणि तेही लागलाच तर हातात घ्यावा.

हे पटण्यासाठी मुठीच्या लाकडाकडे नीट पाहायला हवं. बंदुकीच्या कामात अक्रोड रुजला तो उगीच नाही. अमेरिकेतला काळा अक्रोड आणि युरोपातला अक्रोड या दोन वेगळ्या जाती. काश्मीरमधलं कोरीवकामाचं लाकूड यांतल्या दुसऱ्या जातीचं. दोन्ही मध्यम वजनाची, धक्का सोसणारी आणि बारीक खोदकाम धरून ठेवणारी आहेत. ओलं लाकूड पूर्ण वाळेपर्यंत काळा अक्रोड वार्षिक वलयांच्या दिशेने साधारण ७.८ टक्के आणि त्याला आडव्या, म्हणजे गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने ५.५ टक्के आकसतो. या दोन आकड्यांतलं अंतर जितकं कमी तितकं लाकूड कमी पिळवटतं, आणि अक्रोडात ते बऱ्यापैकी कमी आहे. पोलादाच्या सांगाड्याला घट्ट चिकटून बसायचं, स्क्रूच्या ताणाखाली राहायचं, घामाने भिजायचं आणि पुन्हा वाळायचं, एवढं सगळं सहन करणारं लाकूड सहजासहजी झिजत नाही. वापराने ते गुळगुळीत होतं, काळपट होतं, कुठे दबतं. खरीखुरी झीज दिसते ती चौकडीच्या नक्षीवर, जिला या व्यवसायात चेकरिंग म्हणतात. तिची टोकं बोथट होतात. बाकी ठिकाणी डोळ्यांना जे खराब दिसतं ते लाकडाच्या वरचं असतं.

वरचं म्हणजे काय, ते बंदूक कोणत्या काळातली त्यावर ठरतं. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला मुठींवर तेल, व्हार्निश किंवा लाखेचं पॉलिश असे. १९२० च्या दशकात नायट्रोसेल्युलोज लॅकर आलं. फवाऱ्याने मारता येणारं, झटपट वाळणारं. मोटारीच्या कारखान्यांनी ते उचललं, फर्निचरवाल्यांनी उचललं आणि पुढे बंदुकांच्या कारखान्यांनीही. हे लॅकर दिसायला काचेसारखं, पण वय झालं की ठिसूळ होतं. कडांपासून त्याच्या कपच्या उडतात आणि उघडं पडलेलं लाकूड घाम व तेल पिऊन काळं होतं. एका बाजूला चकचकीत पिवळट थर आणि शेजारी काळा उघडा डाग, असा विटका चेहरा पाहून माणसाला वाटतं की लाकूडच गेलं. प्रत्यक्षात गेलेला असतो तो केसाहून पातळ थर. बंदुकीची नळी साफ करायचे अमोनियायुक्त द्रवही यात हातभार लावतात. लाखेला अल्कली सोसत नाही, आणि बोटांवरून ओघळलेला तो द्रव बरोबर मुठीच्या वरच्या कडेला जाऊन बसतो.

आता काचपेपरने नेमकं काय हरवतं ते पाहू. कोल्ट कंपनीचं १८७३ चं 'सिंगल ॲक्शन आर्मी' रिव्हॉल्व्हर अमेरिकी लष्कराने घेतलं तेव्हा त्याची मूठ अक्रोडाच्या एकाच ठोकळ्यातून घडवलेली होती. लष्कराचा निरीक्षक प्रत्येक नग तपासून त्या लाकडावर आपल्या आद्याक्षरांचा छोटा ठसा मारत असे. सुरुवातीच्या नगांवर ऑर्व्हिल एन्सवर्थ या निरीक्षकाची अक्षरं सापडतात, नंतरच्या काळातल्या काही नगांवर रिनाल्डो कार याची. एखादं शस्त्र लष्कराचं होतं की नागरी बाजारातलं, कोणत्या वर्षांतलं, मूठ मूळची की नंतर बदललेली, असे प्रश्न हा ठसा सोडवतो. त्याची खोली मात्र मिलिमीटरचा काही अंश. मध्यम काचपेपरचे पाचपन्नास फेरे मारले की लाकूड सुंदर निघतं आणि ठसा पुसट होतो. आणखी थोडे मारले की तो नसतोच. स्मिथ अँड वेसनच्या जुन्या रिव्हॉल्व्हरांत उजव्या पट्टीच्या आतल्या बाजूला शस्त्राचा क्रमांक पेन्सिलीने लिहिलेला किंवा ठोकलेला असतो. आतली बाजू 'जरा सपाट करून घेऊ' म्हणून घासणारा माणूस पट्टी आणि बंदूक एकमेकांची असल्याचा पुरावाच पुसून टाकतो. याच कंपनीच्या पट्ट्यांवर स्क्रूभोवती लाकडाचा एक न खोदलेला हिरा असे, जो १९६८ च्या सुमारास बंद झाला. १९११ च्या कोल्ट पिस्तुलावरही सुरुवातीला दोन्ही स्क्रूंभोवती असे हिरे होते. पुढे १९२० च्या दशकात सुधारलेल्या नमुन्यात ते गेले, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तर लाकडाचीच जागा तपकिरी प्लॅस्टिकने घेतली. म्हणजे या क्षुल्लक दिसणाऱ्या रेघा काळ सांगतात. त्यांच्या कडा घासून गोल झाल्या की त्या नुसत्याच रेघा उरतात.

संग्राहकांची ही गोष्ट बाजूला ठेवली तरी भूमितीचा मुद्दा शिल्लक राहतो, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. कारखान्यात पट्टी सांगाड्यावर बसवून दोन्ही एकत्र घासले जात, तेव्हा लाकूड आणि पोलाद यांची कड बोटाला एकच लागे. पट्टी काढून घरी घासली की अर्धा मिलिमीटर लाकूड जायला फार वेळ लागत नाही. मग पोलादाची कड वर उभी राहते आणि तळहाताला टोचते. पट्टीवर जिथे धातू बसवलेला असतो, म्हणजे स्क्रूभोवतीची वाटी किंवा कंपनीचं गोल पदक, तिथे आणखी एक गंमत होते. धातू कठीण, लाकूड मऊ. बोटाखालचा कागद धातूवरून घसरतो आणि लाकूड खातो. पदकाभोवती उथळ खळगा तयार होतो आणि पदक फोडासारखं वर येतं. आधार न देता नुसत्या बोटांनी घासलं तर लाकडाच्या रेषांमधला मऊ भाग जास्त उतरतो आणि पृष्ठभाग लाटांसारखा होतो, जो तिरप्या उजेडात लगेच ओळखू येतो. पॉलिश चढवल्यावर तर जास्तच. घालवलेलं लाकूड परत चढवता येत नाही, ही साधी गोष्ट काम करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी सकाळी कळते.

मग सुरुवात कुठून करायची? शस्त्र रिकामं आहे याची खात्री करण्यापासून. ती एकदा डोळ्यांनी आणि एकदा बोटाने करायची, आणि दारूगोळा त्या खोलीतच ठेवायचा नाही. पट्ट्या काढताना बहुतेक नुकसान पहिल्या दोन मिनिटांत होतं. स्क्रूच्या खाचेत नेमका बसेल असा, समांतर पात्याचा स्क्रूड्रायव्हर हवा. घरातल्या नेहमीच्या पाचरीच्या आकाराच्या पात्याने खाच चिघळते आणि पातं घसरून लाकडावर जखम करतं. रिव्हॉल्व्हरच्या पट्ट्या एकाच आरपार स्क्रूने बांधलेल्या असतील तर तो थोडा सैल करून, स्क्रूच्या डोक्यावर हलकेच दाब दिला की पलीकडची पट्टी आपोआप सुटते. फटीत काही खुपसून ती उचकटायची नाही. तसं केल्याने कडेची कपची निघालेल्या पट्ट्या जुन्या बाजारात ढिगाने दिसतात.

पट्ट्या हातात आल्या की पहिलं काम मळ काढण्याचं. त्वचेचं तेल, घामातलं मीठ, धूळ आणि बंदुकीचं तेल यांचा मिळून एक चिकट थर झालेला असतो. मिनरल टर्पेंटाइनने ओलावलेलं फडकं आणि मऊ टूथब्रश एवढ्यावर तो निघतो. टर्पेंटाइन वंगण विरघळवतं. वाळलेल्या लाखेला, लॅकरला किंवा व्हार्निशला ते धक्का लावत नाही, म्हणून पहिलं पाऊल म्हणून ते निर्धोक. त्यानंतर सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं फडकं फिरवून लगेच कोरडं पुसावं, कारण मीठ टर्पेंटाइनमध्ये विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. चेकरिंगच्या चौकड्यांतून यानंतर निघणारा काळा गाळ पाहिला की लक्षात येतं, 'झिजलेली' म्हणून ठरवलेली नक्षी अर्धीअधिक फक्त बुजलेली होती. माझ्या मते बऱ्याच मुठींचं काम इथेच संपायला हवं. वर मेणाचा एक पातळ हात, कापडाने घोटणं, आणि पट्ट्या परत जागेवर.

तेवढ्याने भागलं नाही तर आधी थराची जात ओळखायची. मुठीच्या आत, न दिसणाऱ्या जागी, स्पिरिटचा एक थेंब ठेवावा. थर चिकट झाला तर ती लाख. स्पिरिटने काही झालं नाही पण लॅकर थिनरने मऊ पडला तर लॅकर. दोघांनाही दाद दिली नाही तर वाळलेलं तेल, व्हार्निश किंवा पॉलियुरेथेन. या थेंबावर पुढचा सगळा मार्ग ठरतो, कारण लाख आणि लॅकर यांचा एक मोठा गुण आहे: ते आपल्याच विद्रावकात पुन्हा विरघळतात. लाखेवर स्पिरिटमध्ये पातळ केलेल्या चपड्याचा, म्हणजे लाखेच्याच द्रावाचा बोळा फिरवला तर नवा हात जुन्यात मिसळून एकजीव होतो. आपल्याकडचे जुने पॉलिशवाले हे वर्षानुवर्षं करत आले आहेत, आणि जगाला लाख पुरवणाऱ्या देशांत भारत आघाडीवर आहे. झारखंडातल्या कुसुम आणि पळसाच्या झाडांवर लाख बनवणारा किडा असा अमेरिकेतल्या मुठींपर्यंत पोहोचलेला आहे. लॅकरचंही तसंच, थिनरचा हलका हात ओरखडे बुजवतो. वाळलेलं तेल पुन्हा विरघळत नाही, पण त्यावर तेलाचा नवा पातळ हात बसतो. थर अगदीच कपच्या होऊन उडत असेल तर तो रसायनाने उतरवावा. कागदाने उतरवलेला थर नक्षीच्या टोकांसह उतरतो. रसायनाने उतरवलेला एकटाच उतरतो. इथे एक सावधगिरी आहे. मेथिलीन क्लोराइड हे पूर्वीचं जालीम रसायन बंद खोलीत वापरून माणसं दगावली होती, आणि २०१९ साली अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने रंग उतरवण्यासाठी ते सामान्य ग्राहकांना विकण्यावर बंदी घातली. जुना डबा कुठे पडलेला असेल तर तो वापरू नये. दोन पट्ट्यांपुरतं ॲसिटोन किंवा थिनर, उघडी खिडकी आणि हातमोजे पुरतात.

उघड्या लाकडावर दिसणारे दोषही काचपेपरचे नसतात. दबलेली जागा घ्या. लाकडाचे तंतू तिथे चेपलेले असतात, तुटलेले नसतात. त्यावर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्रीचं टोक क्षणभर टेकवलं की वाफ तंतूंत शिरते, ते फुगतात आणि खळगा भरून येतो. एकदोन वेळा करावं लागतं. तंतू कापले गेले असतील, म्हणजे खरी चीर किंवा खाच असेल, तर वाफेने ती जात नाही. तशी खाच घालवायची तर तिच्या तळापर्यंतचं सगळं लाकूड उतरवावं लागेल. त्यापेक्षा ती राहिलेली बरी. काळे डाग बहुधा लोखंडाचे असतात. अक्रोडात टॅनिन असतं, आणि टॅनिन व लोखंड एकत्र आले की काळा रंग तयार होतो. हिरड्याची जुनी शाई याच रसायनावर चाले. ऑक्झॅलिक आम्लाचं पाण्यातलं सौम्य द्रावण हे काळं संयुग विरघळवून टाकतं. आम्ल विषारी आहे, त्याची भुकटी नाकात जाऊ द्यायची नाही, आणि काम झाल्यावर लाकूड स्वच्छ पाण्याने पुसून चांगलं वाळू द्यायचं. पाणी लागलं की लाकडाचे सुटे तंतू उभे राहतात आणि पृष्ठभाग खरखरीत लागतो. इथे, फक्त इथे, ३२० किंवा ४०० नंबरचा कागद सपाट ठोकळ्यावर ताणून, रेषांच्या दिशेने, नक्षी आणि धातू टाळून दोनचार वेळा फिरवायला माझी हरकत नाही. तो तंतू छाटतो, लाकूड उतरवत नाही.

तेलाने भिजलेलं लाकूड हा जास्त हट्टी रोग. बंदुकीचं वंगण खनिज तेलाचं असतं आणि ते कधीच वाळत नाही. तपानुतपं वरच्या कडेतून झिरपत ते रंध्रांत साचतं, लाकूड काळं करतं आणि स्क्रूभोवतीचा भाग पोचट करतं. अशा लाकडावर कुठलंही नवं पॉलिश नीट धरत नाही. वरचा काळा भाग घासून काढला तर खाली तितकाच काळा भाग मिळतो, कारण तेल आत आहे. उपाय सोपा पण संथ आहे: खडूची बारीक भुकटी ॲसिटोनमध्ये किंवा टर्पेंटाइनमध्ये कालवून तिचा लेप द्यायचा. विद्रावक आत जाऊन तेल पातळ करतो, बाहेर उडून जाताना ते पृष्ठभागाकडे आणतो आणि खडू ते शोषून घेतो. वाळलेला लेप तपकिरी होऊन पडला की नवा द्यायचा. लेप पांढराच राहू लागला की थांबायचं.

नव्या पॉलिशसाठी बहुसंख्य अमेरिकी हौशी जवसाच्या तेलाकडे किंवा त्यापासून बनवलेल्या तयार मिश्रणांकडे वळतात, आणि ही निवड बरोबर आहे, फक्त ती ज्या कारणासाठी केली जाते ते कारण चूक आहे. त्याकडे पुढे येतो. विदर्भात पिकणाऱ्या या जवसाचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही. त्यातली निम्म्याहून अधिक मेदाम्लं लिनोलेनिक प्रकारची असतात, हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून त्यांची जाळी बनते आणि द्रवाचा घट्ट थर होतो. म्हणूनच जाड हात कधी नीट वाळत नाही. वरच्या कातडीला ऑक्सिजन मिळतो, खालचा भाग तसाच चिकट राहतो, आणि महिनाभराने मूठ हाताला चिकटू लागते. काही थेंब तेल, बोटाने चोळून, पंधरा मिनिटांनी जेवढं पुसता येईल तेवढं पुसून, एक दिवस थांबून पुन्हा तेच. असे पातळ हात देत जाणं एवढाच या कामातला कौशल्याचा भाग. 'उकळलेलं' म्हणून विकलं जाणारं जवसाचं तेल प्रत्यक्षात उकळलेलं नसतं. त्यात कोबाल्ट किंवा मँगेनीजचे क्षार घालून वाळण्याचा वेग वाढवलेला असतो. कच्चं तेल वाळायला आठवडे लागतात. नक्षीवर तेल ब्रशने, जवळजवळ कोरड्या ब्रशने लावायचं, नाहीतर चौकड्यांत ते गोठतं आणि साफ केलेली नक्षी पुन्हा बुजते.

ऑक्सिजनशी जुळताना उष्णता निघते, आणि याचा परिणाम पट्टीवर नव्हे, फडक्यावर दिसतो. चुरगाळून टाकलेल्या तेलकट फडक्यात ही उष्णता कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेतं. हे ऐकीव भय नाही. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी फिलाडेल्फियातल्या 'वन मेरिडियन प्लाझा' या ३८ मजली इमारतीला आग लागली ती २२ व्या मजल्यावर लाकूडकाम करणाऱ्यांनी ठेवलेल्या जवसाच्या तेलाच्या फडक्यांमुळे. तीन अग्निशमन जवान मरण पावले. आग वर वर चढत ३० व्या मजल्यापर्यंत गेली आणि तिथे स्वयंचलित फवारे असल्यामुळेच थांबली. दोन पट्ट्या पुसलेलं हातभर फडकंही पाण्यात बुडवून झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवावं किंवा बाहेर दोरीवर एकेरी पसरून वाळवावं. कचऱ्याच्या टोपलीत टाकायचं नाही.

आता ते चुकीचं कारण. 'लाकूड कोरडं पडलं, त्याला तेल पाजायला हवं' ही समजूत सगळीकडे आहे, आणि तेलाच्या बाटल्या विकणारे तिला खतपाणी घालतात. झाड तोडल्यापासून लाकूड काही पचवत नाही, आणि ते तडकतं ते तेलाच्या अभावाने नव्हे, ओलाव्याच्या चढउताराने. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन इथे १९१० पासून चालणाऱ्या अमेरिकी सरकारच्या वनोत्पादन प्रयोगशाळेने वेगवेगळी पॉलिशं दमट हवेतला ओलावा किती अडवतात ते मोजलं आहे. जवसाचं तेल त्या यादीत तळाशी आहे. पॅराफिन मेणाचा जाड थर वरच्या बाजूला. तेव्हा तेल निवडायचं ते त्याच्या रूपासाठी, आणि एखादा भाग विटला तर तेवढ्यालाच पुन्हा हात देता येतो म्हणून. दरवर्षी तेलाचा नवा हात 'लाकडाच्या तब्येतीसाठी' द्यायचा म्हटलं तर दहा वर्षांत त्या मुठीवर काळपट डिंक जमतो, जो पुढचा मालक काचपेपरने काढतो. एका चुकीतून दुसरी अशीच निघते.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप दोन विरुद्ध बाजूंनी येतो. संग्राहक म्हणेल, मळही काढू नका. तो काळाचा ठसा आहे. हे मला मान्य नाही. घामातलं मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि पट्टीच्या कडेखालचं पोलाद गंजवतं. जुन्या पट्ट्या काढल्यावर त्यांच्या कडेबरोबर गंजाची रेघ निघते ती यामुळेच. तळव्याच्या घर्षणाने लाकडाला आलेली मऊ झळाळी ही वेगळी गोष्ट आहे आणि टर्पेंटाइनने ती जात नाही. दुसऱ्या बाजूचा माणूस म्हणेल, माझं रिव्हॉल्व्हर काही संग्रहालयातलं नाही, लाखोंच्या संख्येने बनलेलं आहे, मला ते नव्यासारखं हवं आणि लाकूड माझं आहे. यातली मालकीची बाजू निर्विवाद. पण नव्यासारखं हवं असेल तर नव्या पट्ट्या बाजारात मिळतात, लाकडाच्याही आणि पाचमेअरसारख्या कंपन्यांच्या रबरी मुठीही, आणि पकडीच्या दृष्टीने त्या अनेकदा जास्त चांगल्या असतात. त्या बसवाव्यात आणि जुन्या नुसत्या साफ करून बाजूला ठेवाव्यात. आज 'साधं' म्हणून घासलेलं मॉडेल तीस वर्षांनी साधं राहत नाही, याची उदाहरणं जुन्या शस्त्रांच्या बाजारात पुरेशी आहेत. मुळातच हलक्या लाकडाची, नंतर कुणीतरी बदललेली पट्टी असेल तर तिच्यावर हवं तेवढं घासावं. हात बसायला ती उत्तम.

शिसवी मुठींचं वेगळं सांगायला हवं, कारण अक्रोडावर चालणारी पद्धत तिथे फसते. शिसवाच्या जातीच्या लाकडांत मुळातच काही द्रव्यं असतात जी तेलाची ऑक्सिजनशी होणारी जुळणी रोखतात. जवसाचं तेल त्यांच्यावर आठवडाभर ओलंच राहतं, मग माणूस आणखी लावतो आणि प्रकरण चिघळतं. पृष्ठभाग ॲसिटोनने पुसून लगेच चपड्याचा एक पातळ हात देणं आणि वर मेण, हा मार्ग सरळ आहे. या लाकडांची घासलेली धूळ अनेकांच्या त्वचेला आणि श्वासाला बाधते. एकदा अंगाला ती सोसेनाशी झाली की पुढे थोड्या धुळीनेही पुरळ उठतं. ब्राझीलच्या शिसवाचा व्यापार १९९२ पासून आंतरराष्ट्रीय कराराने जवळजवळ बंद आहे आणि २०१७ पासून या साऱ्या वंशावरच निर्बंध आले, आपला शिसव आणि शिसमही त्यात धरून. तेव्हा जुनी मूठ घासून बिघडवली तर तिच्या जोडीचं लाकूड मिळवणं पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही.

उरतो प्रश्न खरोखर झिजलेल्या चेकरिंगचा, आणि इथे माझा युक्तिवाद सर्वांत कमकुवत आहे हे कबूल करायला हवं, कारण इथे लाकूडच गेलेलं असतं. चौकड्यांच्या रेघा छोट्या दातेरी हत्याराने पुन्हा खोल करता येतात. जुन्या रेघेत हत्यार बसतं, ती त्याला वाट दाखवते, आणि धीराचा माणूस दोन संध्याकाळींत एक पट्टी पुरी करतो. रेघा पुसट पण सलग दिसत असतील तर हे करावं. मात्र नक्षी मधोमध पूर्ण सपाट झाली असेल तर हत्याराला वाट उरत नाही, नव्या रेघा जुन्यांना तिरक्या जाऊ लागतात, आणि त्या सरळ करण्यासाठी आधी सगळं क्षेत्र सपाट घासावं लागतं. तेवढं लाकूड दोनतीन मिलिमीटर जाडीच्या कडेत क्वचितच शिल्लक असतं. तशी पट्टी सपाट आहे तशीच स्वच्छ करावी, मेण द्यावं आणि स्क्रू बसवताना नुसता टेकेपर्यंत फिरवावा. पाव फेरा जास्त झाला की जुन्या अक्रोडाला स्क्रूपासून कडेपर्यंत उभी चीर जाते.